सायन्सला की आर्टला? – एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



दहावीचा निकाल लागला की आमच्या बिलोलीत चहाच्या टपरीपासून बसस्थानकापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो, "पोराला सायन्सला टाकायचं की आर्टला?" ह्यातला 'टाकायचं' हा शब्द नीट ऐकण्यासारखा आहे. लेकरू स्वतः जात नाही, त्याला कुणीतरी टाकतं.

अलीकडे ह्या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटला आहे. कोणता विषय घ्यायचा एवढंच नाही, तर तो कोणत्या पातळीचा घ्यायचा, सोपा की अवघड, हेही विचारतात. बहिणीचा नातू नांदेडला अकरावीत जाणार, त्याला गणित ठेवावं की सोडावं हे कळेना. तिकडे पुतण्याची मुलगी इंग्लंडात शिकते. तिच्यापुढे तिन्ही विज्ञानं वेगवेगळी घ्यायची की एकत्र, असा प्रश्न. दोघांच्याही आईबापांनी मला विचारलं. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. भौतिकशास्त्रावर बोलायचा मला अधिकार नाही. पण आपल्या भागात विज्ञान कोणाच्या वाट्याला आलं आणि किती आलं, हा इतिहासाचाच विषय आहे. तेव्हा त्या बाजूने थोडं लिहितो.

सुरुवात निजामाच्या राज्यापासून करावी लागते. आमचा तालुका हैदराबाद संस्थानात होता. वडील आणि चुलते त्याच राजवटीत शिकले. तेव्हा शाळांची नावंही वेगळी होती. प्राथमिक ती तहतानिया, माध्यमिक ती वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. वरच्या इयत्तांत सरकारी शाळेतलं शिक्षण उर्दूतून. १९१७ साली हैदराबादला दार-उल-तर्जुमा नावाचं भाषांतराचं खातं निघालं आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा एका भारतीय भाषेतून शिकवायचं, हा प्रयोग त्या काळात मोठाच होता. त्याचं श्रेय द्यायला पाहिजे. पण ती भाषा आमच्या घरात बोलली जात नव्हती. बिलोलीच्या बाजारात मराठी आणि तेलुगू, आणि वर्गात मात्र त्रिकोणाला मुसल्लस, रसायनाला कीमिया. म्हणजे विज्ञानाच्या दारापर्यंत पोचायच्या आधी लेकराला भाषेचा एक उंबरठा ओलांडावा लागे. ज्याच्या घरी उर्दूचं वळण होतं किंवा ज्याला हैदराबादला ठेवण्याची ऐपत होती, तो ओलांडून जाई. बाकीचे वस्तानियापर्यंत शिकून शेतीला लागत. 'पातळी' हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, पण पातळी होतीच.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आलं. हळूहळू शाळा मराठी झाल्या. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघालं. आमच्याच तालुक्यात सगरोळीला १९५९ साली संस्कृती संवर्धन मंडळ उभं राहिलं. १९५६ साली आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुलं दिसतात आणि त्यांना 'प्रशाला' म्हणतात, ती निजामकाळातल्या सरकारी शाळांची आठवण. पश्चिम महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना ह्याचं नवल वाटतं.

पण शाळा मराठी झाली म्हणजे विज्ञान मराठी झालं असं नाही. मला गणित शिकवणारे गुरुजी स्वतः उर्दूतून शिकलेले होते. फळ्यावर मराठीत लिहायचे आणि पुटपुटायचे उर्दूत. पुस्तकात ऑक्सिजनला प्राणवायू आणि नायट्रोजनला नत्रवायू. कार्बन डायऑक्साइडसाठी कर्बद्विप्राणिद वायू हा शब्द होता. तो पाठ करण्यातच निम्मा तास जाई. गुरुजींनी तो शब्द आमच्याबरोबरच शिकला असावा, असं मला आज वाटतं.

आता निवडीकडे येतो. स्वातंत्र्यानंतर डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग बसला (१९५२-५३). त्यांचं म्हणणं असं, की सगळ्या मुलांना एकाच साच्यातून काढू नका. हायस्कुलातच मानव्य, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, कला, गृहविज्ञान असे सात गट ठेवा आणि ज्याचा जो कल, तो गट त्याला द्या. त्यातून बहुउद्देशीय, म्हणजे मल्टिपर्पज शाळा निघाल्या. नांदेडला जिल्हा परिषदेच्या मल्टिपर्पज हायस्कुलाच्या नावात तो काळ अजून शिल्लक आहे.

कल्पना कागदावर देखणी होती. पण सात गट चालवायला सात तऱ्हेचे शिक्षक लागतात, प्रयोगशाळा लागते, कर्मशाळा लागते. जिल्ह्याच्या गावी ते थोडंफार जमलं. तालुक्याच्या आणि खेड्याच्या शाळेत काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मी ज्या शाळेत शिकलो तिथं दोन वर्षं विज्ञानाला मास्तर नव्हते. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्याची किल्ली हेडमास्तरांच्या टेबलात. त्यामुळे आमच्या वर्गाचा 'कल' काय आहे हे कुणाला पाहावंच लागलं नाही. अख्खा वर्ग एकाच वाटेने गेला. मी पुढे बी.ए. केलं, मराठी माध्यमातून, आणि त्यात रमलो. साहित्य मला आवडतच होतं. पण माझ्या शेजारी बसणारा एक मुलगा रेडिओ उघडून परत जोडायचा. त्यानेही आर्टच घेतलं. त्याची निवड मात्र त्या रिकाम्या खुर्चीने केली.

अकरावीच्या त्या जुन्या एस.एस.सी.त बीजगणित-भूमिती सोडून नुसत्या अंकगणितावर भागवता येत असे. मुलींसाठी पदार्थविज्ञान-रसायनाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र, गृहशास्त्र असे पर्याय असत. "तिला कुठं इंजिनिअर व्हायचंय?" हे वाक्य मी शाळेच्या ओसरीवर इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते म्हणणाऱ्यांचे चेहरे आता वेगळे आठवत नाहीत. ते म्हणणारी माणसं वाईट नव्हती. मुलगी पास व्हावी एवढीच त्यांची इच्छा होती. पण तेरा-चौदाव्या वर्षी बीजगणित सुटलं की काय काय सुटतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हे ओळखलं कोठारी आयोगाने. डॉ. दौलतसिंग कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. १९६६ सालच्या अहवालात त्यांनी सांगितलं, की पहिली दहा वर्षं विज्ञान आणि गणित सगळ्यांना सक्तीचं ठेवा, दहावीच्या आत मुलांच्या वाटा वेगळ्या करू नका. त्याच अहवालात दोन पातळ्यांची सूचनाही आहे. आठवीपासून साधा अभ्यासक्रम सगळ्यांना आणि ज्याला झेपेल त्याला त्याच्यावर प्रगत अभ्यासक्रम. ह्यातला बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. इथं पातळी म्हणजे सगळ्यांच्या ताटात जे वाढलं आहे त्यावर आणखी एक वाढप. कुणाच्या ताटातलं काढून घेणं नव्हे. पुढच्या साठ वर्षांत आपण पातळ्या अनेकदा केल्या, पण बहुतेक वेळा काढून घेण्याच्या केल्या.

१९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. मी तेव्हा नवाच शिक्षक होतो. गणित-विज्ञान आता सगळ्यांना. चांगलंच झालं. माझ्या वर्गातल्या मुलींनी पहिल्यांदा भूमितीची प्रमेयं मांडली आणि त्यातल्या काहींनी मुलांच्या वरताण मांडली. पण नाण्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. गणित आणि इंग्रजी ह्या दोन विषयांनी आमच्याकडची किती लेकरं दहावीच्या उंबऱ्यावर बसवली! एकदा नापास, दोनदा नापास, मग मुलाला बापाबरोबर शेतात आणि मुलीला बोहल्यावर. मुलगी हुशार असो नसो, 'दहावी नापास' हा शिक्का लग्नाच्या पत्रिकेपेक्षा जड होता.

म्हणून पुढे दहावीला 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय आला, तेव्हा मी नाक मुरडलं नाही. दगडापेक्षा वीट मऊ. त्या पर्यायाने कित्येक मुली दहावी पार झाल्या. ओळखीतली एक आज अंगणवाडी सेविका आहे आणि गावातल्या बाळांची वजनं बिनचूक मांडते. पण त्याची किंमत होती. सामान्य गणित घेतलं की अकरावीला विज्ञानशाखेचं दार बंद. हे नववीत पर्याय निवडतानाच ठरायचं आणि पुष्कळ पालकांना ते दहावीच्या निकालानंतर कळायचं. दहावीचा नवा अभ्यासक्रम २०१८-१९ मध्ये आला तेव्हा हा पर्याय गेला.

दरम्यान भाषेचा उंबरठा नव्या रूपात परत आला होता, तो म्हणजे सेमी-इंग्रजी. शाळा मराठी, पण गणित-विज्ञान इंग्रजीतून. कित्येक शाळांत 'अ' तुकडी सेमी आणि 'ब' तुकडी मराठी. पहिल्या दिवशीच लेकरांना कळतं आपण कुठले. मला वडिलांचा मुसल्लस आठवतो.

आणि मग लातूर. आमच्या भागात विज्ञानाचा इतिहास लातूरशिवाय पुरा होत नाही. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० सालचं. तिथल्या प्राचार्यपदावरचे डॉ. जनार्दन वाघमारे पुढे १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. नेमाने घेतलेल्या चाचण्या, जादा तास आणि सरावावर उभा राहिलेला 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजला. मागास म्हणून हिणवलेल्या मराठवाड्यातली मुलं डॉक्टर-इंजिनिअर होऊ शकतात हे त्याने दाखवलं. आमच्या बिलोलीची मुलंही पत्र्याची पेटी घेऊन तिकडे गेली. पण पॅटर्नमध्ये विषय निवडायचा तो गुणांच्या हिशेबाने. डॉक्टरकीसाठी जीवशास्त्र, इंजिनिअरिंगसाठी गणित, आणि गुण वाढावेत म्हणून बायफोकलचा इलेक्ट्रॉनिक्स किंवा क्रॉप सायन्स. दोनशे गुणांचा बायफोकल घेतला की गणित किंवा जीवशास्त्र ह्यांपैकी एकाला बहुधा निरोप द्यावा लागतो. पंधराव्या वर्षी पोराला हे सांगायला क्लासवाले असतात. बापाला ते कळत नाही, तो फक्त फी भरतो.

आता आजचं. केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीपासून गणिताच्या दोन परीक्षा केल्या, स्टँडर्ड आणि बेसिक. अभ्यासक्रम तोच, प्रश्नपत्रिका वेगळी. त्यात चांगली गोष्ट अशी, की बेसिकवाल्याला मन बदललं तर पुन्हा स्टँडर्डची परीक्षा देण्याची सोय ठेवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, गणितापासून सुरुवात करून विषय दोन पातळ्यांवर देता येतील, असं म्हटलं आहे. आपल्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक गोष्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत गाजली. गणित-विज्ञानात पस्तीसच्या खाली पण वीसच्या वर गुण मिळाले तर मूल पास, मात्र गुणपत्रिकेवर शेरा, की ह्या विषयांवर आधारलेलं पुढचं शिक्षण घेता येणार नाही. नापासाचा शिक्का जाईल, हे मला मनापासून आवडलं. शेऱ्याची मात्र काळजी वाटते, कारण वीस-पंचवीस गुणांचं ते मूल बहुतेक वेळा रिकाम्या खुर्चीच्या शाळेतलंच असणार.

इंग्लंडातल्या नातीचा प्रश्नही फार वेगळा नाही. तिथं एकत्र विज्ञान घेतलं तर दोन विषयांचं धरतात, वेगवेगळं घेतलं तर तीन. शिवाय परीक्षेचे दोन स्तर. खालच्या स्तराला कितीही चांगलं लिहिलं तरी नऊपैकी पाचच्या वर श्रेणी मिळत नाही. म्हणजे साहेबाच्या देशातही छत आहेच, फक्त ते छापून ठेवलं आहे.

माझा पातळ्यांना विरोध नाही. सगळी लेकरं एका चालीची नसतात, हे चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्याला कुणी सांगायला नको. पण हा सगळा इतिहास पाहिल्यावर पालकांना मी तीनच गोष्टी विचारायला सांगतो. ही पातळी घेतली तर कोणतं दार बंद होतं? ते परत उघडता येतं का, आणि कसं? आणि हे ठरवलं कुणी, लेकराच्या डोक्याने, की शाळेत मास्तर नव्हता म्हणून? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी मागून घ्यावीत. नियम बदलतात आणि कधी कधी आपल्या बाजूनेही बदलतात. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून दिलेल्यांनाही नीट परीक्षेला बसता येईल असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, हे आमच्याकडे किती जणांना माहीत आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र घरातच मिळतं, आणि ते लेकराला समोर बसवून विचारावं.

नातवाला मी गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवायला सांगितलं आहे. एक वर्ष जड जाईल, पण अकरावीत एखादा विषय आवडला की नाही हे कळण्याआधी त्याला सोडायची घाई कशाला? त्याच्या आईला ते पटलं. वडील अजून क्लासवाल्यांशी बोलत आहेत.

असो. बाकी पुढच्या वेळी.