पाच चेंडू दहांना हरवतात तेव्हा : पूलच्या नियमांचा इतिहास

आज विषय जरा वेगळा आहे. तत्त्वज्ञानाचा माणूस पूलच्या टेबलाकडे कशाला वळला, असं तुम्हाला वाटेल. पण या टेबलाची आणि आमच्या विषयाची ओळख जुनी आहे. डेव्हिड ह्यूम हा स्कॉटिश तत्त्वज्ञ 1748 साली कार्यकारणभाव समजावून सांगताना बिलियर्ड्सच्या चेंडूंचंच उदाहरण घेतो. एक चेंडू येऊन दुसऱ्याला लागतो आणि दुसरा सरकतो. आपल्याला दिसतं ते एवढंच. ‘यामुळे ते झालं’ यातलं ‘मुळे’ काही डोळ्यांना दिसत नाही, असं ह्यूम म्हणतो.

मला त्याच टेबलावरची दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. समजा, आठ नंबरचा काळा चेंडू पॉकेटमध्ये पडला. ही झाली घटना. पण खेळणारा जिंकला की हरला? ते चेंडूकडे कितीही निरखून पाहिलं तरी कळणार नाही. ते नियमात आहे. मग नियम कुठून आला? माझं उत्तर साधं आहे : इथला जवळजवळ प्रत्येक नियम म्हणजे एक मिटवलेलं भांडण आहे.

नावापासूनच सुरुवात करू. ‘पूल’ म्हणजे सगळ्यांनी मिळून मध्ये ठेवलेले पैसे. प्रत्येकाने वाटा टाकायचा आणि जिंकेल त्याने उचलायचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘पूलरूम’ म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याची जागा. लोकांचा वेळ जावा म्हणून तिथे टेबलं ठेवलेली असत. जुगाराचं नाव मग टेबलाला चिकटलं आणि त्याबरोबर बदनामीही. पण बघा, जिथे पैसा मध्ये ठेवलेला आहे तिथे नियम ढिला ठेवून चालत नाही. चोख नियमांची गरज सभ्य दिवाणखान्यापेक्षा अड्ड्यालाच जास्त होती.

आता पहिलं भांडण. तेव्हाच्या ‘फिफ्टीन बॉल’ पूलमध्ये एक ते पंधरा आकड्यांचे पंधरा चेंडू असत आणि ज्याचा जो आकडा तितके गुण मिळत. एक ते पंधराची बेरीज 120, निम्मे झाले 60, म्हणून जो आधी 61 करेल तो जिंकला. वरवर पाहता अगदी न्याय्य वाटतं, नाही का? पण हिशोब करून बघा. अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा हे पाच चेंडू घेतले की झाले 65. समोरच्याने उरलेले दहाच्या दहा चेंडू घेतले तरी त्याचे होतात फक्त 55. म्हणजे ज्याने दुप्पट चेंडू पाडले तो हरला! बरं, पंधरा नंबरचा चेंडू पाडायला एक नंबरच्या चेंडूपेक्षा अवघड असतो असंही नाही. कौशल्य तेच, मोल मात्र पंधरापट.

अमेरिकेत या खेळाच्या अजिंक्यपद स्पर्धा 1878 मध्ये सुरू झाल्या आणि दहा वर्षांत हे सगळ्यांना खटकू लागलं. 1888 पासून स्पर्धेत आकडे न मोजता पाडलेले चेंडू मोजायला सुरुवात झाली. प्रत्येक चेंडूला एक गुण. एक डाव संपला की पुढचा मांडायचा आणि गुण पुढे चालू ठेवायचे, म्हणून त्याचं नाव ‘कंटिन्युअस पूल’. चेंडूंवरचे आकडे तसेच राहिले, फक्त त्यांचं वजन गेलं.

पण एक अन्याय दूर केला की दुसरी अडचण उभी राहते. पंधराही चेंडू संपले की नव्या डावासाठी पुन्हा त्रिकोण मांडायचा आणि तो फोडायचा. फोडताना चेंडू सगळीकडे पसरतात. आपलं काही पडलं नाही, तर समोरच्याला ताट वाढून दिल्यासारखंच. म्हणून चांगला खेळाडू जपून, त्रिकोण फारसा न हलवता खेळायचा. खेळ नावाला ‘सलग’, पण दर पंधरा चेंडूंनंतर अडखळायचा.

जेरोम केओ या खेळाडूने 1910 च्या सुमारास यावर सुंदर तोड काढली. शेवटचा पंधरावा चेंडू पाडायचाच नाही. तो टेबलावर जिथे असेल तिथे राहू द्यायचा आणि बाकीचे चौदा पुन्हा मांडायचे. मग खेळाडू तो सुटा चेंडू पाडतो आणि त्याच फटक्यात पांढऱ्या चेंडूने नवा त्रिकोणही फोडतो. चौदा आणि एक, म्हणून ‘फोर्टीन-पॉइंट-वन’. एवढ्याशा बदलाने खेळ खरोखर सलग झाला. किती सलग? विली मॉस्कोनी यांनी 1954 मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड इथे एकही न चुकता 526 चेंडू पाडले. हा पराक्रम हातांचा खरा, पण नियमाने वाट करून दिली म्हणून तो शक्य झाला.

या खेळात आणखी एक अट आहे : कोणता चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये पाडणार ते आधी सांगायचं. सांगितलेला चेंडू सांगितलेल्या पॉकेटमध्ये गेला नाही, तर गुण नाही. म्हणजे इथे नियम फळाबरोबर हेतूही विचारतो. याच्या अगदी उलट नाइन-बॉल. तो साधारण 1920 च्या दशकात पुढे आला. त्यात टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला पांढरा चेंडू आधी लागला पाहिजे, एवढंच बंधन. त्यानंतर नऊ नंबर कुठेही, कसाही पडला तरी तुम्ही जिंकलात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तरी श्रेय कावळ्याला! आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कौशल्याला नशिबाने किती साथ द्यायची हेसुद्धा नियमच ठरवतो.

आता सर्वांच्या ओळखीचा एट-बॉल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रन्सविक-बाल्के-कोलेंडर या टेबलं बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने तो खेळला जाई. तेव्हा सात लाल, सात पिवळे, एक काळा आणि मारायचा पांढरा. पुढे एका रंगाचे आणि पट्ट्यांचे असे दोन गट झाले. आपले सात संपल्यावरच काळ्याला हात घालायचा. तो आधी पडला तर डाव गेला. आपल्या कॅरममध्ये राणी मध्येच घेता येते, पण तिला कव्हर द्यावं लागतं. इथे काळ्याला कव्हर नाही, माफीही नाही.

याच खेळात भांडणं सर्वांत जास्त, कारण तो स्पर्धेपेक्षा गल्लोगल्ली जास्त वाढला. पहिल्याच फटक्यात आठ नंबर पडला तर? अनेक ठिकाणी तो सरळ विजय मानतात. जागतिक नियमात तसं नाही : तो परत टेबलावर ठेवायचा किंवा नव्याने मांडून फोडायचं. चाळीत कॅरम खेळलेल्यांना हे लगेच कळेल. अंगठ्याने मारलेलं चालतं की नाही, यावरून मजल्यामजल्यावर वाद असायचे. खालच्या मजल्याचा नियम चूक आणि आमचा बरोबर, असं काही नव्हतं. घोळ व्हायचा तो आधी ठरवलेलं नसायचं म्हणून.

या भावंडांतलं एक आपल्या देशात जन्मलं. 1875 मध्ये जबलपूरला, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने जुन्या खेळांत आणखी रंगीत चेंडू मिसळले. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन वेगळे. चेंडू चुकलेल्या एका सोबत्याला तो ‘स्नूकर’ म्हणाला. लष्करी शाळेतल्या नवख्या पोरांना तेव्हा असं म्हणत. मग तो म्हणाला, या खेळात आपण सगळेच स्नूकर! नाव पडलं. पुढे उटीच्या क्लबमध्ये नियम लिहून लावले गेले, असं सांगतात. गंमतीतून निघालेला खेळसुद्धा कागदावर आल्यावरच गावोगाव सारखा राहिला.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा. आपल्या बाहीचा चेंडूला नकळत स्पर्श झाला, तर तो फाउल. पण तो कोणी पाहिला? बहुतेक टेबलांवर पंच नसतोच. ते फक्त वाकलेल्या माणसाला ठाऊक असतं. स्नूकरमध्ये तर आपला फाउल आपणच सांगायचा, ही प्रतिष्ठेची रीत आहे. नियम हिशोबातला अन्याय दुरुस्त करतो, नशिबाला वेसण घालतो, वाद मिटवतो. पण जिथे कोणी बघत नाही तिथे तो एकटा पुरा पडत नाही. तिथे खेळणाऱ्याने ‘माझा हात लागला’ असं म्हणावं लागतं, मध्ये पैसे ठेवलेले असले तरीही.

म्हणून कधी अनोळखी टेबलावर गेलात तर क्यू उचलण्याआधी दोन गोष्टी करा. समोरच्याला विचारा, ‘तुमच्याकडे आठ नंबरचं काय?’ आणि आपल्या बाहीवर लक्ष ठेवा.