अष्टमीच्या पाण्यावर अष्टमीला

मचवा रेवदंड्याच्या खाडीत उभा आहे आणि तुम्ही त्यात पाय दुमडून बसला आहात. 1674 सालच्या मे महिन्याचा मध्य. वारा पडलाय, सुक्या मासळीचा वास आहे आणि पाणी उतरल्यामुळे दोन्ही काठांचा चिखल अंधारातही चमकतो. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून निघून याच वाटेने रायगडाकडे चालला आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक तोंडावर आलाय. होडीतून उतरून तो ज्या गावापासून खुष्कीची वाट धरणार, ते इंग्रजी कागदांत ‘एस्थेमी’ झालं आहे. तुम्हालाही तिथेच जायचंय. गाव अष्टमी, कुंडलिकेच्या काठी, रोह्याच्या अगदी समोर. आजच्या नगरपरिषदेच्या पाटीवरही ‘रोहा अष्टमी’ असं जोडनाव आहे.

तुम्ही सवयीने विचारता, “आज तारीख काय?”

प्रश्न चुकला. इंग्रजाला विचारलंत तर तो जुन्या पंचांगाची तारीख सांगेल. रेवदंड्याच्या कोटातल्या पोर्तुगीजाने पोपचं सुधारलेलं पंचांग धरलंय, त्यामुळे त्याची तारीख दहा दिवस पुढे. एकाच खाडीच्या तोंडाशी, एकाच रात्री, दोन तारखा! मचव्याचा तांडेल मात्र पूर्वेकडे हनुवटी करतो. “वैशाख वद्य अष्टमी. चंद्र वर येऊ दे, मग निघू.”

हे वाक्य तुम्हाला काव्य वाटतं. त्याच्या लेखी ते वेळापत्रक आहे.

मध्यरात्रीच्या सुमाराला डोंगरामागून चंद्र निघतो. अर्धाच. उजळलेली बाजू खाली, उगवायच्या सूर्याच्या दिशेला. आठवड्यापूर्वी तो पूर्ण होता आणि विशाखा नक्षत्राजवळ होता, म्हणून महिना वैशाख. चित्रेजवळ पूर्ण झाला तो चैत्र, कृत्तिकेजवळ तो कार्तिक. बाराही महिन्यांची नावं अशी आकाशात लिहिलेली आहेत. विशाखेपासून दिवसाला साधारण एक नक्षत्र ओलांडत तो आता धनिष्ठेच्या आसपास आलाय. सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचं अंतर पडलं की एक तिथी होते. अशा तीस तिथी, पंधरा शुद्धातल्या, पंधरा वद्यातल्या. चंद्राची चाल सारखी नसते, म्हणून एखादी तिथी वीस तासांच्या आत आटपते, तर एखादी सव्वीस तासांवर रेंगाळते. क्षय आणि वृद्धी म्हणतात ती यामुळेच. पंचांगकर्त्यांची डोकेदुखी ही, तांडेलाची नव्हे.

तो पाण्याकडे बघतोय. चिखलाच्या कडेला पाण्याची रेघ थरथरते, थांबते आणि उलटी फिरते. चंद्र क्षितिजावर तेव्हा ओहोटी संपते, चंद्र डोक्यावर तेव्हा भरती पुरी होते. हा या किनाऱ्याचा ढोबळ हिशोब. पुनवेला आणि अवसेला पाणी बाराच्या सुमाराला भरतं, पुढे दर तिथीला दोन घटका उशिरा. अष्टमी म्हणजे सोळा घटका, म्हणजे सहा वाजून गेल्यावर. (पुढे घड्याळं आली तेव्हा कोकणातल्या लोकांनी तिथीची पाऊणपट करायला सुरुवात केली. आठाची पाऊणपट सहा. उत्तर तेच.)

“भांगाचं पाणी,” तांडेल पुटपुटतो. “ओढ नाय त्याला.”

अष्टमीला सूर्य आणि चंद्र एकमेकांशी काटकोनात ओढतात, म्हणून भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही. उधाणाच्या पाण्याने मचवा भराभर आत नेला असता. हे पाणी कूर्मगतीने नेतं. वल्ही मारावी लागतात. चंद्र चढत जातो, खाडी अरुंद होत जाते, आणि तांबडं फुटता फुटता अष्टमीच्या धक्क्याशी नारळाची झाडं दिसू लागतात. अष्टमीच्या पाण्यावर अष्टमीला पोचलात. गावाच्या नावाचा आणि तिथीचा संबंध लावायचा मोह होईल, आवरा.

तीन आठवड्यांनी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शके 1596, महाराज सिंहासनावर बसतील. इंग्रज त्या दिवशी 6 जून लिहील, आजच्या कॅलेंडराने तो 16 जून ठरतो. म्हणून तर रायगडावर आज सोहळे दोन, एक तारखेचा, एक तिथीचा. त्या रात्रीचा चंद्र कसा होता हे तिथीवरून कुणीही सांगेल: पुनवेला दोन रात्री कमी. तारखेवरून सांगून दाखवा.

आता डोळे मिटा आणि पेणच्या खारेपाटात उघडा. शके 1787, म्हणजे 1865 चा ऑगस्ट. पायाखाली मातीचा बांध, एका अंगाला पोटरीत आलेलं भात, दुसऱ्या अंगाला धरमतरची खाडी. याच वर्षी केरो लक्ष्मण छत्रे यांचं नवं पंचांग छापून निघालं आहे. छत्रे अलिबागजवळच्या नागावचे. जुन्या पंचांगांचं गणित आकाशाशी जुळत नाही म्हणून त्यांनी ते नव्याने मांडलं. शास्त्रीमंडळींत त्यावरून वाद रंगणार आहे.

बांधावरच्या म्हाताऱ्या आगऱ्याला या वादाचं काही नाही. श्रावणी पुनवेला कोळ्यांनी दर्याला नारळ वाहिला, त्याला दोन रात्री झाल्या. तुम्हाला वाटलं होतं उधाण पुनवेलाच सर्वांत मोठं. नाही. सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात पुनवेला, पण पाणी आळशी. त्याचा खरा जोर बीज-तीजेला. आज बीज. चंद्र ढगाआड आहे तरी मध्यरात्र उलटताना खाडी बांधाच्या माथ्याला टेकते, आणि वीस पावलांवर एक गढूळ धार आत उतरू लागते.

“खांड पडतेय! बाबा, पेंढा दे इकडं!”

तुम्ही पेंढा देता, चिखल देता, हात सोलवटतात. धार रोडावते, थांबत नाही. खारं पाणी शिरलेली वाफ्याची कडा यंदा गेलीच. म्हातारा बांधावर बसतो, चंद्राच्या जागी ढगाकडे बघतो आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजतो. तीज, चौथ, पंचमी, षष्ठी, सप्तमी.

“अष्टमीला भांग लागंल,” तो म्हणतो. “तवा बांधू नीट.”

पाणी अजून अर्धा हात चढायचं आहे. तुम्ही पुढची पाटी उचलता.