पुडकं बांधणारांची गोष्ट

वैशाखात आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे घराघरांत तेंदूची पानं मोजली जातात. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक गोणी. एखाद्या आजीला "मोजलंत ना?" म्हणून विचारावं, तर ती म्हणते, "बोटंच मोजते ना, बापा!" पुढं काही विचारायची सोय नाही.

संगणकवालेही पुडकीच बांधतात. त्याला ते पॅकेज म्हणतात, कारण इंग्रजी नाव दिल्याशिवाय पगार वाढत नाही. प्रोग्रामच्या फायली, कुठली कुठं ठेवायची त्याची यादी, आणि त्याच्याआधी आणखी कोणाकोणाला घरात घ्यावं लागेल त्याची टीप, एवढं एकत्र बांधलं की झालं पॅकेज. मात्र या मंडळींचा बोटांवर विश्वास नाही, आणि त्याला इतिहास आहे.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये एका गृहस्थांनी प्रोग्राममधली चूक सुधारली, पण सुधारलेली फाईल यंत्राच्या भाषेत पुन्हा उतरवायची राहून गेली. मग सकाळभर ते बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले. हे गाऱ्हाणं ऐकून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली 'मेक' लिहिला. काय कशावर अवलंबून आहे ते एकदा लिहून ठेवा. बदललं असेल तेवढंच यंत्र पुन्हा करील. पुढं १९९३ साली इयन मर्डॉक यांनी डेबियन काढलं. (डेब्रा आणि इयन मिळून डेबियन, बाईंचं नाव आधी. माणूस व्यवहारी असावा.) तिथं प्रत्येक पुडक्याची कृती 'रूल्स' नावाच्या फायलीत असते, आणि तीही मेकच्याच भाषेत. हुकूम सोडला की पायरीपायरीनं पुडकं बांधून तयार!

ही नुसती हौस नव्हे. बांधलेल्या पुडक्यात मधेच कोणी काही घुसडलं नाही कशावरून? म्हणून २०१३ पासून डेबियनकर एका खटाटोपाला लागले : एकाच मूळ मजकुरापासून दोघांनी दोन ठिकाणी पुडकं बांधलं, तरी ते शेवटच्या बिटापर्यंत सारखं यावं. फरक पडला की संशयाला जागा. हे बोटांचं काम नाही.

आमच्या माहितीतल्या एका कचेरीत मात्र सारी कृती एका भाऊसाहेबांच्या डोक्यात होती. ते निवृत्त झाले. हारतुरे झाले, नारळ दिला. सोमवारी प्रोग्राम बांधायला कोणी नाही! शिपाई घरी धाडला, तर भाऊसाहेब काशीला गेलेले. नारळ देण्याआधी त्यांच्या हाती कागद-पेन्सिल द्यायला हवी होती.