कोणाचे पाप, कोणाची कबुली

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत संजीवन सभेचे किंवा देशासाठीच्या उपास-प्रार्थनेचे पत्रक निघाले की त्यावर बहुधा एक संदर्भ छापलेला असतो: 2 इतिहास 7:14. शलमोनाने यरुशलेमेत मंदिर बांधून त्याचे समर्पण केले, त्यानंतर एका रात्री देवाने त्याला दिलेले हे आश्वासन. पाऊस थांबला, टोळधाड आली, मरी पसरली, तर देवाच्या लोकांनी नम्र होऊन प्रार्थना करायची आणि वाईट वाटेवरून मागे फिरायचे. देश बरा करणे देवाकडे. 1981 मध्ये रोनाल्ड रेगन यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या आईचे बायबल याच वचनावर उघडे ठेवलेले होते.

या वचनातली एक गोष्ट वाचताना सहज निसटते. अट घातली आहे ती देवाच्या स्वतःच्या लोकांना. शेजारी, विरोधक, परधर्मी यांनी काय करावे, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. राष्ट्राला पश्चात्तापाची हाक देण्याच्या परंपरेचा मागोवा घ्यायचा तर हेच माप हाती धरावे लागते: हाक देणारा कोणाचे पाप मोजतो आहे?

मूळ हिब्रू शब्द आहे ‘शूव’, म्हणजे मागे फिरणे. आपल्या ‘पश्चात्ताप’ या शब्दात मागाहून होणारा ताप आहे. हिब्रू शब्दात पावले आहेत. योनाच्या गोष्टीत निनवेचा राजा सिंहासनावरून उतरतो, गोणताट नेसतो, राखेत बसतो. गुराढोरांनाही उपास घडतो. राजाने स्वतःलाही वगळले नाही, आणि ते शहर वाचले. उलट यशया संदेष्टा 58व्या अध्यायात उपास करणाऱ्यांनाच फैलावर घेतो: उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवून घेता, मग हा उपास कसला?

पुढे हा उपास सरकारी झाला. इंग्लंडात प्लेगची साथ, युद्ध, बुडालेले पीक, अशा प्रसंगी राजा किंवा पार्लमेंट उपासाचा दिवस जाहीर करी. 1642 ते 1649 या यादवीच्या काळात तर महिन्याचा शेवटचा बुधवार त्यासाठी राखून ठेवलेला होता. प्युरिटन लोकांनी हीच रीत अटलांटिकपलीकडे नेली, आणि तिथे तिचे एक फार सच्चे रूप दिसले.

1692 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी चेटकाच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिले गेले आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारण्यात आले. साडेचार वर्षांनी, 14 जानेवारी 1697 रोजी, वसाहतीच्या सरकारने उपासाचा दिवस पाळला. त्या दिवशी बॉस्टनच्या प्रार्थनागृहात पाळक सॅम्युएल विलर्ड जवळून जात असताना सॅम्युएल स्यूअल यांनी त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. सेलमच्या न्यायाधीशांपैकी ते एक होते. पाळक चिठ्ठी वाचत असताना ते आपल्या जागी उभे राहिले. त्या खटल्यांचा दोष आणि लाज आपल्या माथी घ्यावी, असे चिठ्ठीत लिहिले होते. वाचून होताच ते वाकले आणि खाली बसले. सारी मंडळी पाहत होती. त्या न्यायासनाचे मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी मात्र अशी कबुली कधीच दिली नाही. तीन वर्षांनी, 1700 मध्ये, स्यूअल यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका छापली. फिरलेली पावले दिसतात ती इथे.

आता 1857. आपल्याकडे उठाव पेटलेला असताना व्हिक्टोरिया राणीच्या आज्ञेने 7 ऑक्टोबरला ब्रिटनभर उपासाचा आणि नम्रतेचा दिवस पाळला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 23 वर्षांच्या चार्ल्स स्पर्जन यांचा उपदेश ऐकायला 23,654 माणसे जमली. हिंदुस्थानातल्या संकटग्रस्तांसाठी निधी गोळा झाला. संकटग्रस्त म्हणजे अर्थातच इंग्रज. पाप कोणते, यावर त्या दिवशी व्यासपीठांवरून निरनिराळी उत्तरे आली. काहींनी अफूच्या व्यापाराचे आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचे नाव घेतले. स्पर्जन यांनी आपल्या समाजातल्या पापांवर कोरडे ओढले, गरिबांना नाडणाऱ्या श्रीमंतांनाही सोडले नाही. पण बंडवाल्यांना तलवारीने शासन व्हावे, असेही त्याच उपदेशात सांगितले. गुडघे टेकलेल्या राष्ट्राच्या हातात तलवार तशीच होती. मी ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने लिहितो आहे, म्हणूनच हा दिवस मला अधिक टोचतो.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना अब्राहम लिंकन यांनी 30 एप्रिल 1863 हा राष्ट्रीय उपासाचा दिवस ठरवला. त्या जाहीरनाम्यात समृद्धीने आलेला गर्व आहे, देवाचा विसर आहे. गुलामगिरीचे नाव नाही. ते नाव लिंकन यांनी 4 मार्च 1865 च्या भाषणात घेतले आणि युद्धाचे दुःख उत्तर-दक्षिण दोघांच्या वाट्याला घातले. त्या लढ्याचा पडसाद आपल्याकडेही उमटला: जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना.

यानंतर ही हाक सरकारच्या हातून सुटून सामान्यांच्या ओठी आली. 1904 च्या शरदात वेल्समधल्या लाउकर गावी इव्हान रॉबर्ट्स या माजी खाणकामगाराने सभा सुरू केल्या. ठाऊक असलेले प्रत्येक पाप कबूल करा, ही त्याची पहिली अट. या जागृतीची खबर खासी टेकड्यांत पोहोचली, कारण तिथले मिशनरी वेल्सचेच होते.

आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी जानेवारी 1905 मध्ये मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींना प्रार्थनेसाठी बोलावले. आधी 70 जणी आल्या. जूनपर्यंत त्या 500 च्या वर गेल्या. रमाबाईंनी मागणे ठरवून दिले होते: हिंदुस्थानातल्या सर्व ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन व्हावे, आणि त्यात आपणही आलो. ‘आपणही’ हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला, असे मला वाटते.

29 जूनच्या पहाटे एका खोलीत एक मुलगी मोठ्याने प्रार्थना करू लागली. जवळच्या एका बाईला तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तोच कळले की आग नाही. मिनी अब्रम्स या तिथल्या सहकारी बाईंनी ही आठवण नोंदवली आहे. पुढे वर्ग बंद पडले, मुली रडत आपली पापे सांगू लागल्या. कोण होत्या या? बालविधवा, दुष्काळात टाकून दिलेल्या पोरी. ज्यांची माफी समाजाने आणि सरकारने मागायला हवी होती, त्या स्वतःच्या लहानसहान अपराधांसाठी ऊर फुटेस्तोवर रडत होत्या. त्यांच्या रडण्याने मोठ्यांचा हिशेब मिटत नाही. पण कबुली कशी असते, हे केडगावने दाखवले. अब्रम्सबाईंचे पुस्तक चिलीत पोहोचले आणि तिथल्या 1909 च्या जागृतीला त्याने चालना दिली.

वेल्स आणि खासी टेकड्यांच्या बातम्या कोरियातही गेल्या होत्या. जानेवारी 1907 मध्ये प्याँगयांगच्या चर्चमध्ये किल सन-जू यांनी मंडळीसमोर उभे राहून सांगितले की मरताना एका मित्राने आपल्यावर सोपवलेल्या मालमत्तेतून मी पैसे ठेवून घेतले. ते पुढे पाळक झाले आणि 1919 च्या कोरियन स्वातंत्र्याच्या घोषणेवर त्यांची सही आहे.

त्याच प्याँगयांगमध्ये 1938 साली कोरियन प्रेस्बिटेरियन महासभेने जपानी सत्तेपुढे मान तुकवली आणि शिंटो देवळापुढे वाकणे हा धर्म नसून देशभक्तीचा उपचार आहे, असा ठराव केला. नकार देणारे पाळक जू गि-चोल 1944 मध्ये तुरुंगात वारले. वाकलेल्यांपैकी एक होते हान ग्योंग-जिक. पुढे त्यांनी सोलमध्ये हजारोंची मंडळी उभी केली, जगभर नाव कमावले, 1992 मध्ये त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला. त्याच्या सत्कारसभेत, वयाच्या 89व्या वर्षी, त्यांनी उठून सांगितले की मी पापी आहे, मी शिंटो देवळापुढे वाकलो होतो.