चर्च गोल का बांधायचे? उत्तर जुन्नरच्या डोंगरातही सापडतं

चिकलठाणा विमानतळावर उतरून वेरूळला गेलात, तर १० नंबरच्या लेणीत स्तूपामागची भिंत अर्धगोल दिसेल. कारण साधं आहे: प्रदक्षिणा. पूर्ण गोल चैत्यगृह पाहायचं तर जुन्नरजवळची तुळजा लेणी गाठावी लागते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या या लेणीत मधोमध स्तूप, भोवती १२ अष्टकोनी खांब आणि वर घुमट आहे. खांब आणि भिंत यांच्यामधून फिरायची वाट.

मध्ययुगीन युरोपातल्या गोल चर्चची गोष्टही अशीच, फक्त तिथे मध्यभागी कबर आहे. जेरुसलेममध्ये येशूची मानल्या जाणाऱ्या कबरीभोवती चौथ्या शतकात गोल वास्तू उभी राहिली. क्रुसेडच्या काळात तिच्या प्रतिकृती निघाल्या. केंब्रिजचं गोल चर्च साधारण ११३० चं. लंडनचं टेंपल चर्च टेम्पलर योद्ध्यांचं. ११८५ मध्ये त्याचा प्रतिष्ठापना विधी खुद्द जेरुसलेमचे धर्मप्रमुख हेराक्लियस यांनी केला. ज्यांना तिकडे जाणं जमणार नव्हतं, त्यांना जेरुसलेम जवळ आलं. वाळूजचं छोटं पंढरपूर आठवा!

पण गोल जागेत फिरणं सोपं, सगळ्यांनी एका दिशेला तोंड करून प्रार्थनेला उभं राहणं अवघड. टेंपल चर्चला पूर्वेकडे लांबट सभागृह आहे. ते १२४० मध्ये पूर्ण झालं. गोल भागात मात्र उमरावांच्या दगडी प्रतिमा आडव्या ठेवलेल्या आहेत. त्या पवित्र वर्तुळात जागा मिळणं हाही मानच होता.

जाता जाता: जुन्नरच्या इतर लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत, म्हणून तुळजाचा गोल आकार ग्रीकांनी आणला असं समजू नका. स्तूप मुळातच गोल असतो.