संगणक सुरू होताना दिसणारी अगम्य अक्षरे

संगणक सुरू होताना अडथळा आला, की चित्रमय पडदा उघडण्याआधीच काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांतील संदेश थबकतात. या अक्षरपडद्याला ‘कन्सोल’ म्हणतात. लिनक्स प्रणालीची भाषा मराठी निवडलेली असल्यास यांतील अनुवादित संदेश चौकटी, प्रश्नचिन्हे वा परक्या चिन्हांच्या रूपात उमटू शकतात. पाहणाऱ्याला व्हायरसची किंवा हार्डडिस्क बिघडल्याची शंका येते. प्रत्यक्षात मूळ बिघाड वेगळा असतो आणि अक्षरांचा गोंधळ वेगळा.

कारणे

पहिले कारण संकेतांचे. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ स्थानांचा मुख्य विभाग आहे आणि यूटीएफ-८ पद्धतीत त्यातील प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘स्थिती’ या शब्दात सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट होतात. पडदा एकेक बाइट स्वतंत्र अक्षर मानून वाचू लागला, तर त्या एका शब्दाची १८ चिन्हे होतात. जुन्या पीसीच्या ४३७ क्रमांकाच्या संकेतपृष्ठानुसार त्यांतील पहिले ग्रीक ‘अल्फा’ असते.

दुसरे कारण आकृत्यांचे. अक्षरपडद्याच्या फाँटमध्ये एका वेळी २५६, फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरी नसते. ती घातली तरी प्रश्न सुटत नाही. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, पण दाखवावी लागते आधी. जोडाक्षरांचे आकारही बदलतात. ही जुळणी चित्रमय पडद्यावर स्वतंत्र आज्ञावली करते. साध्या कन्सोलवर ती नसते.

जुना प्रयत्न

ही अडचण नवी नाही. डॉसच्या काळात पुण्याच्या ‘सी-डॅक’चे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवून अक्षरपडद्यावर भारतीय लिप्या आणल्या जात. या तंत्राचा उगम आयआयटी कानपूर येथे झाला. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. पुढे २००७ मध्ये आलेल्या डेबियन ४.० आवृत्तीत चित्रमय स्थापनाक्रम मिळाला आणि अक्षरपडद्यावर न मावणाऱ्या लिप्यांची सोय झाली.

धोका आणि उपाय

खरा धोका प्रश्नांचा असतो. डिस्क तपासणारी ‘एफएससीके’ ही आज्ञावली दुरुस्ती करावी का, असे विचारते. प्रश्न वाचता न येता ‘होय’ म्हटल्यास आधीच बिघडलेल्या डिस्कवरील फाइली गमावण्याची शक्यता असते.

अशा वेळी प्रथम पडद्याचे छायाचित्र घ्यावे. आज्ञा देता येत असल्यास ‘एलसी_ऑल’ या चलाला ‘सी’ ही किंमत द्यावी. त्यानंतर चालवलेल्या आज्ञावल्यांचे संदेश इंग्रजीत येतात. लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे, संदेश नेहमी इंग्रजीतच असतात. बिघाडाचा माग प्रथम तेथे शोधावा. ‘एक्स्ट’ प्रकारच्या डिस्कवर ‘एफएससीके’ला ‘-एन’ हा पर्याय दिल्यास ती काहीही न बदलता केवळ तपासणी करते. तेही जमले नाही, तर पेनड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू करून प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी आणि मगच दुरुस्तीला हात घालावा.