मधुमेह असलेल्या घरात आठवड्याच्या स्वयंपाकाची पूर्वतयारी

मधुमेहाच्या रुग्णाला ‘वेळेवर जेवा, भाज्या वाढवा’ हा सल्ला प्रत्येक भेटीत मिळतो. तो पाळायचा कसा, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. रविवारी उत्साहाने आणलेली मेथी बुधवारी फ्रिजमध्ये पिवळी पडते आणि त्या संध्याकाळी घरात बटाट्याची भाजी किंवा बाहेरचे पार्सल येते. निवडायला, चिरायला वेळ नसतो, इतकेच त्याचे कारण. आठवड्यातून दोनदा तास-दीड तास काढून पूर्वतयारी केली तर ही अडचण बरीचशी सुटते.

वेळेला इतके महत्त्व का?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर औषध घेऊन जेवायला उशीर झाल्यास धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, अचानक चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. ग्लुकोमीटरवर ७०च्या खाली आकडा आला तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर (सुमारे तीन छोटे चमचे) पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. रुग्ण नीट शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही देऊ नका, रुग्णालयात न्या. वयस्कर व्यक्ती एकटी राहत असेल किंवा सून-मुलगा रात्री आठनंतर घरी येत असतील, तर जेवणाची अर्धी तयारी आधी झालेली असणे ही सोय नाही, उपचाराचाच भाग आहे.

तयारी कच्ची, शिजवणे ताजे

आठवड्याचे सगळे जेवण रविवारीच शिजवून डबे भरून ठेवण्याची पद्धत आपल्या स्वयंपाकाला फारशी मानवत नाही. पोळी वातड होते, भाजीला पाणी सुटते आणि तिसऱ्या दिवशी घरातले कोणी तिला हात लावत नाही. त्यापेक्षा निवडणे, सोलणे, मोडणे, भिजवणे, वाटणे ही वेळखाऊ कामे आधी करा. फोडणी रोज द्या. चिरलेली भाजी हाताशी असेल तर ती वीस मिनिटांत होते.

पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. धुणे आणि चिरणे करतेवेळी. ओली पालेभाजी लवकर सडते. ती आठवड्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपवा. गवार, घेवडा, फरसबी मोडून ठेवता येतात. कोबी, फ्लॉवर, गाजर चिरून बंद डब्यात तीन-चार दिवस चांगले राहतात. भेंडी अख्खीच ठेवा. वांगे, बटाटा आयत्या वेळी चिरा, नाहीतर काळे पडतात. दुधी, पडवळ, दोडका न चिरता चांगले टिकतात, म्हणून ते आठवड्याच्या शेवटी वापरा. कोशिंबिरीची काकडी-टोमॅटो मात्र रोज चिरावी.

भाज्या आणि फळे मिळून दिवसाला माणशी किमान ४०० ग्रॅम हवीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार जणांच्या घरात आठवड्याला हे अकरा किलोच्या वर जाते. आकडा मोठा वाटतो. म्हणूनच एकदम खरेदी करू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी एक आणि मध्ये एक अशा दोन फेऱ्या ठेवा.

कडधान्यांचे चक्र ठरवून घ्या. रविवारी रात्री मटकी किंवा मूग भिजत घालायचे, सोमवारी सकाळी उपसून बांधायचे, मंगळवारी उसळ. उष्म्यामुळे आणि ओलाव्यामुळे मोडांबरोबर जंतूही वाढतात. त्यामुळे मोड आले की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत वापरा आणि शिजवूनच खा. वयस्कर, गर्भवती, केमोथेरपी घेणारे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेले यांनी कच्चे मोड पूर्ण टाळावेत, ‘पौष्टिक’ म्हणूनसुद्धा नको.

ओल्या खोबऱ्याचे वाटण आंबते. दोन दिवसांपुरतेच करा किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. तेलात बुडवलेला लसूण ओट्यावर ठेवू नका. हवाबंद तेलाखाली बोट्युलिझमचा विषार तयार होऊ शकतो. तयार मसाले, लोणची, पापड यांत मीठ भरपूर असते. दिवसाची मिठाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. घरच्या वाटणात मीठ घालूच नका, ते भाजीत एकदाच पडू द्या.

शिजवलेले अन्न

भात, वरण, आमटी शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे. मे महिन्याच्या उकाड्यात एका तासात. मोठे पातेले तसेच ठेवले तर मध्यभागी तासन्‌तास कोमट राहते, म्हणून उथळ डब्यांत काढा. भाताकडे विशेष लक्ष द्या. त्यातले काही जीवाणू शिजवल्यावरही बीजाणूरूपात उरतात, बाहेर राहिलेल्या भातात वाढून विषार सोडतात आणि तो पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देणे म्हणूनच चुकीचे. फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी, वाफाळेपर्यंत गरम करून, एकदाच वापरा.

थंड केलेल्या भाताने साखर वाढत नाही का, असे बरेच जण विचारतात. थंड झाल्यावर त्यातला काही स्टार्च पचायला कठीण होतो हे खरे, पण फरक मर्यादित असतो. एका वाटीच्या जागी दोन वाट्या खाण्याची ती परवानगी नव्हे.

बिनफोडणीचे शिजलेले वरण फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवता येते. फ्रिजचे तापमान ५ अंशांखाली हवे. दिवसातून कित्येक तास वीज जात असेल तर शिजवलेले अन्न साठवण्याचा विचार सोडा. निवडलेल्या भाज्या आणि कोरडी तयारी एवढ्यावर भागवा. तेवढ्यानेही निम्मे काम हलके होते.

ही तयारी घरातल्या एकाच बाईच्या अंगावर पडली तर महिनाभरात बंद पडते, हा नेहमीचा अनुभव आहे. लसूण सोलणे, गवार मोडणे, मेथी निवडणे ही बसून करायची कामे आहेत. आजोबाही करू शकतात, शाळकरी मुलेही. हाताला बधिरपणा असलेल्या रुग्णाने मात्र विळी-सुरी टाळावी, जखम कळत नाही.

काही रुग्णांसाठी वेगळे नियम

वॉरफॅरिन घेत असाल तर पालेभाज्या बंद करायच्या नसतात, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असे करू नका. प्रमाण स्थिर ठेवा. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम मर्यादित असेल तर भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायला सांगतात. हे स्वतःहून सुरू करू नका, तुमचा अहवाल पाहून डॉक्टरांनी सांगितले तरच करा.

शिळे खाल्ल्यानंतर उलट्या-जुलाब सुरू झाले तर मधुमेही रुग्णाने वाट पाहत बसू नये. पाणी पीत राहा, साखर दर काही तासांनी तपासा, इन्सुलिन मनाने बंद करू नका. मेटफॉर्मिन किंवा डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या अशा वेळी थांबवायच्या का, हे त्याच दिवशी फोन करून डॉक्टरांना विचारा. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा ग्लानी येत असेल तर थेट रुग्णालय गाठा.